कोळशाचा उपकर, जंगलाचे मोल

1 जुलै 2010 रोजी भारतात कोळशावर एक नवा उपकर लागू झाला. टनामागे पन्नास रुपये. वणी-चंद्रपूरच्या खाणींतून निघालेला कोळसा असो की परदेशातून बंदरात उतरलेला, प्रत्येक टनावर तो भरायचा. अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांनी त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात त्याची घोषणा केली आणि त्यातून राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी उभा राहील असे सांगितले. कल्पना सरळ होती आणि न्याय्यही. कोळसा जाळल्याने हवा बिघडते, वातावरणात कार्बन साठतो. तेव्हा कोळशाच्या पलीकडे जाण्याचा खर्चही कोळशानेच उचलावा. प्रदूषण करणाऱ्याने त्याची किंमत मोजावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये राजस्थानातल्या बिछडी गावाच्या आणि तामिळनाडूतल्या वेल्लोरच्या चर्मोद्योगांच्या खटल्यांत मान्य केलेले होते. आता ते करव्यवस्थेत उतरत होते.

दर भराभर वाढला. 2014 मध्ये शंभर, 2015 मध्ये दोनशे, 2016 मध्ये चारशे रुपये. त्याच वर्षी नाव बदलून स्वच्छ पर्यावरण उपकर झाले. 2010-11 ते 2017-18 या काळात या उपकरातून सुमारे 86,440 कोटी रुपये जमले. त्यातले सुमारे 29,650 कोटी निधीत पोचले आणि निधीतून प्रकल्पांना मिळाले सुमारे 15,900 कोटी. कोळशावर घेतलेल्या दर शंभर रुपयांतले जेमतेम अठरा रुपये ज्या कामासाठी घेतले त्या कामाला लागले. त्यातही काही वाटा गंगा शुद्धीकरणाकडे वळला. ते काम मोठे आणि गरजेचे, पण त्याचा ऊर्जेशी फारसा संबंध नाही.

उरलेले पैसे कुणी चोरले नाहीत. जे झाले ते सगळे कायद्याला धरून झाले, आणि या प्रकरणातली सगळ्यांत बोचरी गोष्ट हीच आहे. केंद्राने गोळा केलेला कर आधी भारताच्या संचित निधीत जातो. तिथून तो बाहेर काढायचा तर संसदेने तशी तरतूद मंजूर करावी लागते. 2010 च्या वित्त अधिनियमाने सरकारला हा पैसा स्वच्छ ऊर्जेवर खर्च करण्याची मुभा दिली, सक्ती केली नाही. एखाद्या वर्षी तूट भरून काढायची असेल आणि निधीत कमी रक्कम वळवली, तर त्याबद्दल जाब विचारायला कायद्यात जागाच नव्हती. शिवाय उपकराचा पैसा राज्यांबरोबर वाटून घ्यावा लागत नाही. त्यामुळे ज्या चंद्रपूर जिल्ह्यात खाणीही आहेत, औष्णिक वीज केंद्रही आहे आणि त्या दोन्हींची धूळही आहे, त्याच्या वाट्याला या रकमेतून हक्काने काहीच येत नव्हते.

2017 मध्ये वस्तू आणि सेवा कर आला आणि हा उपकर रद्द झाला. कोळशावरचे टनामागे चारशे रुपये मात्र तसेच राहिले. आता त्यांचे नाव भरपाई उपकर होते आणि काम होते राज्यांच्या घटलेल्या करउत्पन्नाची भरपाई. पुढे कोविडच्या काळात केंद्राने राज्यांसाठी दोन वर्षांत सुमारे 2.69 लाख कोटींचे कर्ज काढले. ते फेडण्यासाठी भरपाई उपकराची मुदत वाढवण्यात आली. हवामानासाठी सुरू झालेली वसुली अशा रीतीने कर्जफेडीत मुरली.

सप्टेंबर 2025 मध्ये तीही संपली. वस्तू आणि सेवा कर परिषदेने कोळशावरचा भरपाई उपकर काढला आणि कराचा दर 5 टक्क्यांवरून 18 टक्के केला. वरवर पाहता दर तिपटीहून वाढला. हिशेब मात्र वेगळेच सांगतो. टनाला हजार रुपये किंमत असलेल्या हलक्या कोळशावर पूर्वी पन्नास रुपये कर आणि चारशे रुपये उपकर असे साडेचारशे पडत. आता एकशे ऐंशी पडतात. जुना उपकर वजनावर होता, म्हणून स्वस्त आणि राखेने भरलेल्या कोळशाला तो जास्त जाचायचा. नवा कर किमतीवर आहे, म्हणून तोच कोळसा आता हलका सुटतो. देशातल्या वीज केंद्रांत बहुतांशी हाच जळतो. अर्थमंत्रालयाच्या बाजूने पाहिले तर ही करांची सुटसुटीत फेरमांडणी होती. हवामानाच्या बाजूने पाहिले तर भारताकडे कार्बनवरच्या कराच्या सर्वांत जवळ जाणारे जे साधन होते, ते गेले.

दुसऱ्या निधीची गोष्ट याच्या अगदी उलट्या टोकाची आहे. कोळशाच्या पैशाला कुलूप नव्हते. जंगलाच्या पैशाला इतके घट्ट कुलूप होते की तो अनेक वर्षे बाहेरच पडला नाही.

या निधीचे मूळ निलगिरीतल्या गुडलूरच्या जंगलात आहे. तिथली बेसुमार तोड थांबावी म्हणून टी. एन. गोदावर्मन तिरुमलपाद यांनी 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. 12 डिसेंबर 1996 रोजी न्यायालयाने आदेश दिला की शब्दकोशातल्या अर्थाने जे जे जंगल आहे ते सगळे, मालकी कुणाचीही असो, 1980 च्या वन संवर्धन कायद्याखाली येईल. त्या एका आदेशाने देशभरात लाखो हेक्टर जमिनीला संरक्षण मिळाले. पुढे तीच याचिका चालू राहिली आणि तिच्या पोटात नवनवे प्रश्न येत गेले. त्यातला एक पैशाचा होता. खाण, धरण, रस्ता यांसाठी वनजमीन वळती करताना प्रकल्पाने तेवढ्याच बिगर-वनजमिनीवर पर्यायी वनीकरणाचा खर्च द्यायचा असा नियम होता. विशिष्ट प्रसंगी बिगर-वनजमिनीऐवजी दुप्पट निकृष्ट वनजमीन चाले. पैसे राज्यांकडे जमत होते. झाडे लागत नव्हती. 2002 मध्ये न्यायालयाने या पैशासाठी स्वतंत्र निधी करण्याचा आदेश दिला.

याच टप्प्यावर जंगलाला रुपयांत मोजण्याची कल्पना आली. झाडे पुन्हा लावली तरी ती जंगल व्हायला पन्नास-शंभर वर्षे लागतात. तोवर पाणी, माती, लाकूडफाटा, औषधी वनस्पती, वन्यजीवांचा निवारा, हवेतला शोषला जाणारा कार्बन यांचे जे नुकसान होते त्याचे काय? अर्थतज्ज्ञ कांचन चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने याचा हिशेब मांडला आणि 2008 मध्ये न्यायालयाने नक्त वर्तमान मूल्याचे दर ठरवून दिले: जंगलाचा प्रकार आणि घनता पाहून हेक्टरी 4.38 लाख ते 10.43 लाख रुपये. जानेवारी 2022 मध्ये ते 9.57 लाख ते 15.95 लाख झाले. झाडीची हेक्टरी किंमत ठरवणे अनेकांना खटकते आणि ते खटकणे रास्त आहे. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते. दर ठरण्याआधी प्रकल्पाच्या ताळेबंदात जंगलाची किंमत जवळजवळ शून्य धरली जात होती.

पैसे येऊ लागले आणि साठू लागले. पूर्ण कायदेशीर प्राधिकरण होईपर्यंत न्यायालयाने 2006 मध्ये हंगामी कॅम्पा (या निधीचे व्यवस्थापन आणि नियोजन करणारे प्राधिकरण) नेमली. वनखात्यातले लोक या सगळ्या व्यवस्थेलाच 'कॅम्पा' म्हणतात. रोपवन कॅम्पाचे, जीप कॅम्पाची, मजूर कॅम्पाचे. 2013 मध्ये महालेखापरीक्षकांनी, म्हणजे कॅगने, 2006 ते 2012 या काळाची तपासणी केली. वनजमिनीच्या बदल्यात 1,03,382 हेक्टर बिगर-वनजमीन मिळायला हवी होती. मिळाली 28,086 हेक्टर. त्यातल्या 7,281 हेक्टरवर वनीकरण झाले. जेवढी जमीन यायला हवी होती तिच्या सात टक्के. जंगल गेले ते पूर्ण गेले, आले ते सात टक्के. या एका आकड्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिता येईल.

शेवटी संसदेने 2016 मध्ये पर्यायी वनीकरण निधीचा कायदा केला. नियम ऑगस्ट 2018 मध्ये आले. कोळसा उपकराच्या अनुभवाच्या शेजारी ठेवून हा कायदा वाचला तर त्याची रचना चांगली दिसते. पैसा संचित निधीत न मिसळता लोकलेख्यात राहतो, त्यावर व्याज मिळते, वर्ष संपले म्हणून तो परत जात नाही. नव्वद टक्के राज्यांना, दहा टक्के केंद्राला. 29 ऑगस्ट 2019 रोजी पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांनी 27 राज्यांना एकूण 47,436 कोटी रुपये वितरित केले. ओडिशाला सर्वाधिक, सुमारे 5,934 कोटी. महाराष्ट्राला सुमारे 3,844 कोटी. खाणी जिथे जास्त तिथे रक्कम मोठी, हे ओघानेच आले. कुठे किती जंगल गेले याचा हा नकाशाच आहे.

हा पैसा हवामानाच्या खात्यात शिरतो तो इथे. पॅरिस करारासाठी 2015 मध्ये भारताने कबूल केले होते की 2030 पर्यंत वाढीव वन आणि वृक्षाच्छादनातून अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइड शोषला जाईल अशी सोय करू. 2019 ची रक्कम देताना सरकारने या उद्दिष्टाचा उल्लेख केला. म्हणजे जंगल तोडल्याची भरपाई म्हणून आलेला पैसा हवामानासाठीचा खर्च म्हणूनही मोजला जाऊ लागला. त्यातली गफलत साधी आहे. भरपाईने जास्तीत जास्त गेलेले परत येते, शिल्लक वाढत नाही. नवे रोपवन जर तुटलेल्या जंगलाच्या बदल्यात असेल, तर त्याने शोषलेला कार्बन वाढीव धरण्याआधी तुटलेल्या जंगलाचा कार्बन वजा करायला हवा.

मोजणीच्या पद्धतीमुळे ही वजाबाकी दिसत नाही. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाच्या छायाचित्रांवरून एक हेक्टर वा अधिक क्षेत्रावर दहा टक्क्यांहून जास्त छत्र असेल तर ते वनाच्छादन धरते. जमीन कुणाची, झाड कोणते, हे पाहिले जात नाही. सह्याद्रीतले शंभर वर्षांचे सदाहरित रान, आंब्याची बाग आणि निलगिरीचे रोपवन एकाच बेरजेत येतात. डिसेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार देशाचे वन आणि वृक्षाच्छादन 8,27,357 चौरस किलोमीटर, म्हणजे भूभागाच्या 25.17 टक्के आहे आणि 2005 च्या तुलनेत 2.29 अब्ज टन वाढीव कार्बन डायऑक्साइड शोषला गेला आहे. कागदावर उद्दिष्ट हाताशी आले आहे.

या बेरजेचा सर्वांत टोकाचा नमुना ग्रेट निकोबारचा. तिथल्या बंदर, विमानतळ आणि नगर प्रकल्पासाठी 130.75 चौरस किलोमीटर वनजमीन वळती करायला मान्यता मिळाली. विषुववृत्ताजवळचे, पावसाने बारमाही ओले राहणारे हे अरण्य. त्याच्या बदल्यातली जमीन हरियाणात, कोरड्या अरवलीच्या पट्ट्यात दाखवण्यात आली, अडीच हजार किलोमीटरहून अधिक दूर. अरवलीला संरक्षण हवेच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण बेटावरची समुद्रकासवे, मेगापोड पक्षी आणि शोम्पेन लोक यांना हरियाणातल्या झाडांचा काय उपयोग, याचे उत्तर कोणत्याही नियमावलीत नाही. नियम क्षेत्रफळ जुळवतो. पर्जन्यमान, प्रजाती आणि माणसे जुळवत नाही.

खर्चाची शिस्तही नियमांत लिहिलेली आहे. नक्त वर्तमान मूल्यातून आलेल्या रकमेचा किमान ऐंशी टक्के भाग वन आणि वन्यजीव व्यवस्थापनावर, उरलेला यंत्रणा बळकट करण्यावर. कशावर खर्च करायचा नाही याचीही यादी आहे. तरी उत्तराखंडात 2019 ते 2022 या काळाच्या तपासणीत कॅगला याच निधीतून आयफोन, लॅपटॉप, फ्रिज, इमारतींची डागडुजी असे सुमारे 13.86 कोटींचे खर्च सापडले. अहवाल फेब्रुवारी 2025 मध्ये विधानसभेत मांडला गेला आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या मुख्य सचिवांकडे खुलासा मागितला. बातम्यांत आयफोन गाजले. त्याच अहवालातली अधिक गंभीर बाब मागे पडली: लावलेल्या रोपांतली तग धरलेली रोपे साधारण एक तृतीयांश होती. फोनचे पैसे वसूल करता येतात. वाळून गेलेल्या रोपांची तीन-चार वर्षे परत येत नाहीत.

मग रोप जगवतो कोण? वनरक्षकाकडे हजारो हेक्टरचा परिसर असतो. रोपवनाला कुंपण, पाणी, आगीपासून राखण लागते आणि तीन-चार वर्षांनी योजनेचा पैसा थांबतो. पुढे ते टिकवणारा असतो शेजारचा गाव, आणि गावाचा या निधीशी संबंध फार पातळ ठेवण्यात आला आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांना सामूहिक वनाचे संरक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला. 2016 मध्ये निधीचे विधेयक राज्यसभेत आले तेव्हा जयराम रमेश यांनी ग्रामसभेच्या संमतीची दुरुस्ती सुचवली होती. मंत्री अनिल माधव दवे यांनी ही बाब नियमांत घेऊ असे आश्वासन दिले. नियमांत आला तो सल्लामसलतीचा उल्लेख. संमतीची अट आली नाही. परिणाम असा की गावाने हक्क मिळवलेल्या किंवा हक्काचा दावा केलेल्या जमिनीवर, चराईच्या रानात, डोंगरउतारावरच्या शेतात रोपवनाचे खड्डे पडल्याच्या तक्रारी ओडिशा, झारखंड, छत्तीसगडपासून येत राहिल्या. दाद मागण्याची वाटही सरळ नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या कायद्याला जोडलेल्या यादीत वन संवर्धन कायदा आहे. वनहक्क कायदा नाही आणि 2016 चा निधी कायदाही नाही.

पैशाचा कायदा आणि पर्यावरणाचा कायदा एकमेकांकडे पाठ करून उभे राहिले की काय होते, हे जर्मनीने वेगळ्या रीतीने अनुभवले. 2021 मध्ये कार्ल्सरूहे इथल्या घटना न्यायालयाने तिथला हवामान कायदा अपुरा ठरवला: आज टाळलेली कार्बनकपात उद्याच्या पिढीच्या स्वातंत्र्यावर बोजा टाकते. सरकारने लक्ष्ये कडक केली. मग कोविडसाठी मंजूर झालेली, न वापरलेली 60 अब्ज युरोची कर्जमर्यादा हवामान निधीकडे वळवली. 15 नोव्हेंबर 2023 रोजी त्याच न्यायालयाने हे वळवणे घटनाबाह्य म्हणून रद्द केले. महिनाभरात विजेवरच्या मोटारींचे अनुदान तडकाफडकी बंद झाले. तिथे निदान दोन्ही बाजूंना न्यायालयात उभे राहता येईल असा लेखी कायदा होता.

भारतात हवामानावर तसा एकछत्री कायदा नाही, हे खुद्द सर्वोच्च न्यायालयाने 21 मार्च 2024 च्या निकालात नोंदवले. खटला माळढोकचा होता. सोलापूरच्या नान्नजमुळे मराठी माणसाच्या ओळखीचा हा पक्षी आता प्रामुख्याने राजस्थानात आणि अत्यल्प संख्येने उरला आहे, आणि वीजवाहिन्यांना धडकून मरतो. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा घडवण्यात ज्यांचा वाटा होता त्या एम. के. रणजितसिंह यांच्या याचिकेवर न्यायालयाने 2021 मध्ये मोठ्या क्षेत्रातल्या वाहिन्या जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला होता. सरकारने सौरऊर्जेचा खर्च आणि लक्ष्ये पुढे केली. न्यायालयाने तो आदेश शिथिल करून तज्ज्ञ समिती नेमली आणि त्याच निकालात म्हटले की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क घटनेच्या अनुच्छेद 14 आणि 21 मधून निघतो. हक्क मोठा आहे. तो पहिल्यांदा उच्चारला गेला तो मात्र एका पक्ष्याचे संरक्षण सैल करताना, आणि त्यासाठी कुणी किती पैसा राखून ठेवावा याबद्दल त्यात काही नाही.

महाराष्ट्रात तोडलेल्या जंगलाच्या बदल्यात काय द्यायचे हा प्रश्न सध्या पूर्व विदर्भात सर्वांत टोकदार आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीत महसूल दप्तरी 'झुडपी जंगल' म्हणून नोंद असलेली सुमारे 86 हजार हेक्टर जमीन आहे. मुरमाड, खुरट्या झाडोऱ्याची, गुरे चारण्याची. वर्षानुवर्षे तिच्यावर शाळा, दवाखाने, वस्त्या उभ्या राहिल्या. 22 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही सगळी जमीन 1996 च्या आदेशाच्या अर्थाने वनजमीनच असल्याचे ठरवले, 12 डिसेंबर 1996 पूर्वीच्या वापराला नियमित होण्याची वाट दिली, आणि एक पळवाट बंद केली. दुसरीकडच्या जंगलाच्या बदल्यात झुडपी जंगल दाखवून मोकळे होता येणार नाही. बिगर-वनजमीन खरोखर उपलब्ध नाही असे मुख्य सचिवांनी प्रमाणित केले तरच ते चालेल, आणि तेव्हा क्षेत्र दुप्पट लागेल.

त्याच विदर्भात गावाने राखलेल्या जंगलाचे नमुनेही आहेत. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. 2011 पासून तिथली ग्रामसभा आपला बांबू आपल्या वाहतूक परवान्यावर विकते. मेळघाटच्या पायथ्याशी पायविहीरला 2012 मध्ये 192 हेक्टर उजाड रानाचा हक्क मिळाला. गावकऱ्यांनी रोजगार हमीच्या कामातून चर खणले, झाडे लावली, चराई आणि तोड स्वतः थांबवली, सीताफळे शहरात नेऊन विकली, आणि 2014 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार मिळवला. कॅम्पाचा पैसा मात्र राज्य प्राधिकरणाच्या वार्षिक कृती आराखड्यातून वनखात्याकडे जातो. त्या आराखड्यात ग्रामसभा सल्ला देणारी आहे, स्वतःच्या जंगलासाठी स्वतः आराखडा मांडून रक्कम मागणारी नाही. 2018 च्या नियमांत एक दुरुस्ती केली तर हे बदलू शकते. त्यासाठी नवा निधी लागत नाही, नवा करही लागत नाही.